कुत्र्याने गोळ्या खाल्ल्या? आधी मोजा, मग गाडी काढा

तुमच्या कुत्र्याने आत्ताच, या क्षणी गोळ्या खाल्ल्या असतील तर एवढंच करा. तोंडात, अंथरुणावर, सोफ्याखाली उरलेल्या गोळ्या काढून घ्या. फाटकी स्ट्रिप खिशात टाका. जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावा. काहीही पाजू नका. कुत्रं झोकांड्या खात असेल, थरथरत असेल, धापा टाकत असेल किंवा फिट आली असेल, तर मोजामोज सोडा आणि थेट निघा. बाकीचा लेख रात्री वाचा.

हे लिहितेय ते पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्यांसाठी. लसीकरण, जंत, गोचीड यांबद्दल सगळे सांगतात. गोळ्यांच्या डब्याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही नाशिकला राहतो. आमचा कुत्रा भुऱ्या गावठी आहे, चौदा किलोचा. एका रविवारी संध्याकाळी आम्ही खाली सोसायटीच्या बैठकीला गेलो होतो. परत आलो तर हॉलमध्ये चंदेरी कागदाचा चुरा पडलेला आणि भुऱ्या शेपटी पायांत घालून दिवाणाखाली. नवऱ्याच्या तापाची पॅरासिटामॉल ६५० ची स्ट्रिप टीपॉयवर राहिली होती. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "मिठाचं पाणी पाज गं, सगळं बाहेर पडेल." माझा हात मिठाच्या बरणीकडे गेलाही होता. तेवढ्यात डॉक्टरांनी फोन उचलला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "किती गोळ्या?" दुसरा, "वजन किती?" मला दोन्हींची उत्तरं येत नव्हती.

मोजायचं कसं

आधी कुत्र्याला दुसऱ्या खोलीत बंद करा. ओरडू नका, मागे धावू नका. तुम्ही मागे लागलात की तोंडातली गोळी तो घाईघाईने गिळणार. जीभ आणि गाल पाहून चुरा ओल्या कापडाने पुसून घ्या, पण तो चावायला बघत असेल तर तोही हट्ट सोडा.

मग फॉइलचे तुकडे ओट्यावर मांडा आणि जोडा. मी तेच केलं. चावलेल्या कागदावर दातांची भोकं आणि गोळीची फुटलेली जागा सारखीच दिसते, म्हणून कागद मोजू नका, प्लास्टिकचे फुगे मोजा. पंधराची स्ट्रिप होती. दोन नवऱ्याने घेतल्या होत्या. नऊ शाबूत सापडल्या. म्हणजे चार गायब. दिवाणाखाली लाळेने माखलेली अर्धी मिळाली, म्हणून साडेतीन पोटात.

इथे एक नियम पाळा: जी गोळी हातात सापडली नाही ती पोटात गेली असं धरा. "बहुतेक गॅलरीतून खाली पडली असेल" असं म्हणू नका. घरात दोन कुत्री असतील तर प्रत्येकाने सगळ्या गोळ्या खाल्ल्या असं धरून हिशेब करा. डॉक्टरांना जास्तीत जास्त आकडा लागतो.

वजन माहीत नसेल तर घरातला वजनकाटा काढा. कुत्र्याला कडेवर घेऊन उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. लसीकरणाच्या वहीत मागचं वजन लिहिलेलं असतं, तेही चालेल, मात्र पिल्लू असेल तर महिन्याभरापूर्वीचा आकडा धरू नका.

आता गणित. साडेतीन गुणिले ६५० म्हणजे २,२७५ मिलिग्रॅम. भागिले १४. किलोमागे साधारण १६२ मिलिग्रॅम. कुत्र्याच्या बाबतीत पॅरासिटामॉल किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की यकृताची काळजी सुरू होते. २०० च्या आसपास तर रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकदच कमी होते आणि हिरड्या मातकट, चॉकलेटी दिसायला लागतात. भुऱ्या या दोन आकड्यांच्या मध्ये होता. त्याच चार गोळ्या चाळीस किलोच्या लॅब्रॅडॉरने खाल्ल्या असत्या तर डॉक्टरांचा आवाज वेगळा असता, आणि चार किलोच्या पॉमेरेनियनने खाल्ल्या असत्या तर आणखी वेगळा. नुसत्या "चार गोळ्या खाल्ल्या" या वाक्यातून म्हणूनच काही कळत नाही.

स्ट्रिपवर नावाच्या पुढे एसआर, ईआर, एक्सएल, सीआर अशी अक्षरं असतील तर ती आवर्जून सांगा. या गोळ्या पोटात हळूहळू विरघळतात, त्यामुळे त्रास उशिरा सुरू होतो आणि लांबतो. "तीन तास झाले, छान खेळतोय" हे त्या गोळ्यांना लागू पडत नाही.

फोनवर काय बोलायचं

घाबरलेला माणूस गोष्ट सांगायला लागतो. मीही सोसायटीच्या बैठकीपासून सुरुवात केली होती. त्याऐवजी एवढं बोला:

"डॉक्टर, विषबाधेची केस आहे. गावठी नर, तीन वर्षांचा, चौदा किलो. पॅरासिटामॉल ६५०, जास्तीत जास्त साडेतीन गोळ्या, सव्वासात ते पावणेआठच्या दरम्यान. उलटी झालेली नाही. शुद्धीवर आहे, चालतोय. इंदिरानगरहून निघतोय. तुमच्याकडे उलटी करवायची सोय आहे का? नसेल तर कुठे जाऊ?"

"विषबाधा" हा शब्द पहिल्याच वाक्यात आला पाहिजे. "कुत्र्याने गोळी खाल्लीय" असं म्हटलं की समोरची मुलगी उद्या सकाळी अकराची वेळ देते. मला एका दवाखान्याने अगदी तशीच दिली होती. दुसऱ्या ठिकाणी रिंग वाजून बंद झाली. तिसरा फोन लागला. म्हणून आज, कुत्रं शांत झोपलंय तोवर, तीन नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेवा: नेहमीचे डॉक्टर, रविवारी आणि रात्री दवाखाना उघडणारे एक, आणि घरापासून सगळ्यांत जवळ असलेले एक. तिघांनाही आधीच विचारा, रात्री दहानंतर फोन उचलता का? सलाइन लावून रात्रभर ठेवायची सोय आहे का?

अशोक स्तंभाजवळ सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, दिवसाच्या वेळी तो पर्याय लक्षात असू द्या. १९६२ या नंबरवर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची गाडी मिळते, पण ती सेवा मुख्यतः खेड्यापाड्यांतल्या गुराढोरांसाठी आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये तिची वाट पाहत बसू नका. गूगलवर शोधलं तर अमेरिकेतल्या हेल्पलाइनचे नंबर सगळ्यात वर दिसतात. त्यात वेळ घालवू नका.

आणखी एक. गोळी तुम्हीच दिली असेल तर तसं सांगा. "अंग गरम लागलं म्हणून अर्धी क्रोसिन दिली" हे आपल्याकडे सर्रास चालतं. कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, म्हणजे धडधाकट कुत्रंही आपल्या हाताला तापलेलंच लागतं. डॉक्टर रागावतील, पण नेमकं कळलं तर उपचार नेमके होतील.

काय करू नका

मिठाचं पाणी नको. कुत्र्याच्या रक्तात सोडियम झपाट्याने वाढतं, मेंदूला सूज येते, फिट येतात, जीवही जातो. गोळीने मेलं नसतं ते कुत्रं मिठाने मरू शकतं. काकूंचा हेतू चांगला होता, त्यांना मी नंतर नीट समजावून सांगितलं.

दूध नको, तूप नको, कच्चं अंडं नको, चिंचेचं पाणी नको. दुधाने विष "मरतं" ही समजूत आपल्या हाडीमाशी आहे. दूध गोळ्या निकामी करत नाही. घशात बोट घालू नका, कुत्र्याचा घसा माणसासारखा वागत नाही, बोट मात्र फुटतं. चुलीतला किंवा होळीतला कोळसा कुटून देऊ नका. डॉक्टर वापरतात तो ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे पोटातलं विष धरून ठेवणारा औषधी कोळसा, वेगळा, आणि तोही जबरदस्तीने घशात ओतला तर फुप्फुसात जातो.

हायड्रोजन पेरॉक्साइडचं विशेष सांगायला हवं, कारण इंटरनेटवर उलटीसाठी तेच सांगितलेलं असतं. तिथलं माप ३ टक्क्यांच्या द्रावणाचं असतं. आपल्या मेडिकलमध्ये मिळणारी बाटली बहुधा ६ टक्क्यांची, २० व्हॉल्यूमची असते. तेच माप इथे ओतलं की दुप्पट जातं. शिवाय बरोबर मापातसुद्धा ते जठराला भाजतं. फोनवर डॉक्टरांनी स्वतः सांगितलं, तुमच्या बाटलीवरची टक्केवारी विचारली आणि माप दिलं, तरच.

कुत्रं गुंगीत असेल, फिट येत असेल, किंवा पगसारखं चपट्या नाकाचं असेल तर घरी उलटी करवण्याचा विचारच मनात आणू नका. उलटी श्वासनलिकेत जाते.

तोंडाला काहीही लावायचं नाही या नियमाला आणखी एक अपवाद आहे. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या खाऊन कुत्रं लटपटायला लागलं, तर डॉक्टरांना विचारून हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज चोळत चोळत दवाखान्यात न्यायचं. घशात ओतायचं नाही, चोळायचं.

घरातल्या डब्यात काय काय असतं

माझ्या सासूबाईंचा स्टीलचा डबा पुन्हा उघडून पाहिला तेव्हा पोटात गोळा आला. यादी करायची तर अशी होईल.

अंगदुखीच्या गोळ्या सगळ्यांत जास्त घोळ करतात. कॉम्बिफ्लाममध्ये ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि ३२५ पॅरासिटामॉल असतं. दहा किलोच्या कुत्र्याने एक खाल्ली तरी आयब्युप्रोफेन किलोमागे ४० होतं, आणि २५ ते ५० च्या टप्प्यात उलट्या आणि जठराला जखमा सुरू होऊ शकतात. १७५ च्या पुढे मूत्रपिंड, ४०० च्या पुढे फिट. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन त्याच कुळातली. डायक्लोफेनॅकचं नाव अंजनेरीला गिधाडं बघायला जाणाऱ्यांना ठाऊक असेल. ते टोचलेली गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. कुत्रं गिधाडाइतकं नाजूक नसतं, पण मार मूत्रपिंडावर आणि जठरावरच बसतो. दोन-तीन दिवसांनी शी डांबरासारखी काळी झाली तर आतून रक्तस्राव होतोय.

ड जीवनसत्त्वाची आठवड्याला एक घ्यायची ६०,००० युनिटची कॅप्सूल. "व्हिटॅमिनच आहे" म्हणून हिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. किलोमागे ४,००० युनिटच्या पुढे त्रास सुरू होतो, २०,००० च्या पुढे प्रकरण गंभीर. दहा किलोच्या कुत्र्याने चारची स्ट्रिप संपवली तर किलोमागे २४,००० होतात. पहिल्या दिवशी काहीही दिसत नाही. मग पाणी खूप पितं, लघवी वाढते, खाणं सुटतं, कारण रक्तात कॅल्शियम चढलेलं असतं आणि मूत्रपिंडं बिघडायला लागलेली असतात. इथे रक्ततपासणी तीन-चार दिवस करत राहावी लागते.

क्षयरोगाच्या औषधांतलं आयसोनियाझिड कुत्र्यांना फार लागतं, कारण ते निकामी करायची माणसासारखी सोय त्यांच्या शरीरात नाही. लहान कुत्र्याला ३०० च्या चार-पाच गोळ्या जिवावर बेततात, फिट थांबत नाहीत. यावर उतारा आहे तो बी-६ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. घरात कुणाचा टीबीचा कोर्स चालू असेल तर लाज बाळगू नका, डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

रक्तदाबाच्या अम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांच्या एक-दोन गोळ्याही छोट्या कुत्र्याचा रक्तदाब धोकादायक खाली नेऊ शकतात. लोहाच्या गोळ्यांबाबत लक्षात ठेवा की त्यांना चारकोल चिकटत नाही, म्हणून नाव नीट सांगायलाच हवं. थायरॉइडची गोळी कुत्रं बरीच पचवतं, पण फोन तरीही करा. झोपेच्या गोळीने कुत्रं झोपेलच असं नाही, काही कुत्री उलट पिसाळल्यासारखी धावत सुटतात.

गोळी नसलेल्या गोष्टीही विसरू नका. दम्याचा पंप चावून फोडला की सगळी साल्बुटामॉल एका दमात आत जाते, छाती धडधडते, रक्तातलं पोटॅशियम घसरतं. त्यात वाट पाहायची नसते. सोरायसिसच्या काही मलमांत कॅल्सिपोट्रिऑल असतं, तेही ड जीवनसत्त्वाचंच भावंड. शुगर-फ्री च्युइंगगमवर झायलिटॉल लिहिलंय का पाहा, त्याने तासाभरात साखर कोसळू शकते. आणि कुत्र्यांच्याच औषधांपैकी ज्या गोळ्यांना मटणाची चव लावलेली असते, त्यांची अख्खी डबी संपवणारी कुत्री असतात. त्यांना ते औषध वाटत नाही, खाऊ वाटतो.

घरात मांजर असेल तर वरचे कुत्र्याचे आकडे तिला लावू नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते.

रस्त्यात

गोळ्या खाल्ल्यापासून तास-दोन तासांत पोहोचलात तर उलटी करवून बरंच काही बाहेर काढता येतं. त्यानंतर फारसं नाही. म्हणून "मुंबईला मोठं हॉस्पिटल आहे, तिकडेच नेऊ" हा विचार पहिल्या तासात करू नका. कसारा घाट उतरेपर्यंत गोळ्या विरघळलेल्या असतील. आधी नाशिकमध्येच पोट रिकामं करून घ्या, पुढचं पुढे.

नाशिकरोड, देवळालीकडून येणाऱ्यांनी संध्याकाळी द्वारका चौकाचा वेळ धरूनच दवाखाना निवडावा. गंगापूर रोडचे नावाजलेले डॉक्टर चाळीस मिनिटांवर आणि साधे डॉक्टर दहा मिनिटांवर असतील, तर साध्यांना विचारा, उलटी करवता का. हो म्हणाले तर तिकडेच जा. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत पंचवटीत गाडी आत-बाहेर काढणं जिकिरीचं होईल, तिथे राहणाऱ्यांनी नदीच्या आपल्या बाजूचा दवाखाना आताच हेरून ठेवावा. रिक्षावाले कुत्रं पाहून पुढे निघून जातात, तेव्हा ओळखीच्या एखाद्या रिक्षावाल्या दादांचा नंबर असू द्या, आणि सीटवर टाकायला जुनी चादर.

गाडीत एकाने चालवायचं, एकाने कुत्र्यापाशी बसायचं. तोंडाला जाळी बांधू नका, उलटी आली तर गुदमरेल. गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा. फिट आली तर हात तोंडाजवळ नेऊ नका, घड्याळ बघा, किती वेळ टिकली ते डॉक्टर विचारतील. वाटेत उलटी झाली तर किळस बाजूला ठेवून पिशवीत भरून न्या. त्यात गोळ्यांचे तुकडे मोजता येतात.

दवाखान्यात

भुऱ्याला इंजेक्शन देऊन उलटी करवली. दोन गोळ्या जवळपास अख्ख्या पडल्या, तिसरीचा पांढरा चिखल. मग चारकोल, मग सलाइन. मग डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, एन-ॲसिटिलसिस्टीनची. हा पॅरासिटामॉलचा उतारा, आणि तो माणसांच्या मेडिकलमध्येच मिळतो. रविवार, गोळे कॉलनीतली औषधांची दुकानं बंद. शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलच्या दारातल्या चोवीस तास चालणाऱ्या मेडिकलमधून नवऱ्याने आणलं. तर, बरोबर दोन माणसं हवीत ती यासाठीही.

पहिला डोस मोठा असतो, पुढचे दर सहा तासांनी. रात्री मध्येच डोस येतो, तेव्हा तो कोण देणार हे निघण्याआधी ठरवून घ्या. खर्चाचा अंदाजही तिथेच विचारा, विचारण्यात काही गैर नाही. "आता बरा दिसतोय, घरी नेतो" असं म्हणून सलाइन मध्येच सोडवू नका. पॅरासिटामॉलचा यकृतावरचा परिणाम एक ते तीन दिवसांनी दिसतो. भुऱ्याचं एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, दुसऱ्या दिवशी वाढलेलंच होतं, आठवड्याने खाली आलं.

घरी आल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ हिरडी पाहा. ओठ उचला, बोटाने दाबा, सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी झाला पाहिजे. पिवळट, मातकट, निळसर किंवा पांढुरकी हिरडी, काळी शी, लघवीचा गडद रंग, खाण्याकडे पाठ, यांतलं काहीही दिसलं की पुन्हा फोन. कुत्रं निरोगी असताना त्याच्या हिरडीचा एक फोटो काढून ठेवा. काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू बघायची.

डबा आणि कचरा

सासूबाईंचा डबा आता फ्रिजच्या वर आहे. झाकण घट्ट, आणि डबा प्लास्टिकचा नाही, कारण प्लास्टिक भुऱ्याला खेळणं वाटतं. पर्स सोफ्यावर ठेवायची नाही, पाहुण्यांचीही नाही. दिवाळीत मुक्कामी येणारे मामा उशाशी गोळ्या ठेवतात, त्यांना आल्या आल्या सांगायचं. हातातून गोळी निसटली की आधी कुत्र्याला "थांब" म्हणायचं, मग वाकायचं. हा एक शब्द पिल्लू असतानाच शिकवा.

मुदत संपलेल्या गोळ्या ओल्या कचऱ्यात टाकू नका. वेगळ्या पिशवीत बांधा आणि घंटागाडी आली की घातक कचरा म्हणून सांगून गाडीवाल्याच्या हातात द्या. गाडीच्या आधी पिशवी फाटकाबाहेर ठेवली, तर गल्लीतली कुत्री ती घंटा वाजायच्या आत फोडतात.